बारावी खुर्ची

शिक्षकांच्या खोलीत खुर्च्या अकरा आणि शिक्षक बारा. शाळेत ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, आणि त्यातलं बारावं माणूस कोण हेही. हस्तकलाबाई. त्यांना नाव होतं, हजेरीपटावर ते लिहिलेलंही असायचं, पण तीन वर्षांत कुणी ते तोंडाने उच्चारलं असेल तर शपथ. गणिताचे सर ते 'सर', मुख्याध्यापिका त्या 'मोठ्या बाई', आणि ह्या नुसत्या "अहो हस्तकला, जरा ती खिडकी ओढून घ्या."

नेमणूक तात्पुरती. दर वर्षी सुट्टी लागली की संपायची आणि शाळा उघडायच्या तोंडावर पुन्हा व्हायची. तात्पुरत्या माणसाला कायमची खुर्ची कशाला, असा काहीतरी विचार त्यामागे असावा. त्या बसायच्या खेळाच्या सामानाच्या पेटीवर. पेटीची कडी नेमकी मांडीखाली टोचायची, आणि वह्या तपासायला जरा सूर लागला की खेळाचे सर येऊन म्हणायचे, "बाई, उठता का? चेंडू काढायचाय." मग उठायचं, वह्या छातीशी धरून उभं राहायचं, चेंडू निघाला की पुन्हा बसायचं.

"आम्ही अकरा म्हणजे मैदानातली टीम," गणिताचे सर एकदा म्हणाले होते, "आणि तुम्ही बाराव्या खेळाडू. राखीव!" सगळी खोली हसली. हस्तकलाबाईही हसल्या. तेव्हा त्यांना अजून हसता यायचं.

खुर्चीसाठी त्यांनी तीनदा अर्ज दिला. तिसऱ्या वेळी मोठ्या बाईंनी तो वाचलाही. चष्मा कपाळावर सारून म्हणाल्या, "अहो, पैसे कुठायत? छत गळतंय, आधी ते बघू का तुमची खुर्ची? आणि तुम्ही तर हस्तकलेच्या. टाकाऊतून टिकाऊ मुलींना तुम्हीच शिकवता ना? गच्चीच्या जिन्याखाली मोडक्या खुर्च्यांचा ढीग पडलाय. घ्या त्यातली एक आणि दाखवा करून."

"खरंच घेऊ?"

"न्या हो! चुलीत घालायच्यासुद्धा लायकीच्या नाहीत त्या."

बाईंनी ते थट्टेने म्हटलं की मनापासून, याचा विचार करत हस्तकलाबाई बसल्या नाहीत. मधल्या सुट्टीत त्या शिपाईमामांना घेऊन जिन्याखाली गेल्या. मामा शाळेतले सगळ्यात जुने. मोठ्या बाई नुसत्या बाई होत्या तेव्हापासूनचे. त्यांनी वरच्या दोन-चार खुर्च्या बाजूला केल्या आणि तळातून एक हातांची खुर्ची ओढून काढली. बैठकीचा वेत फाटून खाली लोंबत होता, मागचा डावा पाय सांध्यातून निखळलेला, आणि अंगावर निळ्या ऑइलपेंटचा जाड थर.

"ही घ्या," मामा म्हणाले. "पूर्वी हेडमास्तरांची होती. वजन बघा. आतलं लाकूड खरं आहे."

संध्याकाळी मामांनी ती सायकलच्या कॅरिअरला बांधून हस्तकलाबाईंच्या घरी पोचवली. घर म्हणजे दोन खोल्या आणि एक अरुंद गॅलरी. नवरा गिरणीत पाळीवर, घरी सासूबाई. त्यांनी खुर्चीभोवती एक चक्कर मारली, फाटक्या वेतात बोट घातलं आणि विचारलं, "ही कुणाची पीडा आणलीस?"

"माझ्या बसायची आहे, आई."

"शाळा तुला बसायला देत नाही?"

"ही दिली ना."

सासूबाई आत गेल्या आणि काचेचा एक तुकडा घेऊन आल्या. "पॉलिशपेपर नंतर. एवढा जाड रंग पेपरने निघायला जन्म जाईल. काच तिरपी धर आणि खरवड. लाकडाच्या रेषेने ओढ, आडवी ओढलीस तर ओरखडे राहतील."

हस्तकलाबाई बघतच राहिल्या. सासूबाईंचं माहेर वेत विणणाऱ्यांचं, हे त्यांनी लग्नात कधीतरी ऐकलं होतं. पण लग्नानंतर सासूबाईंनी त्या कामाला हात लावला नव्हता, आणि आता तर संधिवाताने बोटं आल्याच्या गाठीसारखी झाली होती. विद्या मात्र डोक्यात शाबूत होती. त्या दारातल्या स्टुलावर बसायच्या आणि फूटपट्टीने दाखवायच्या: इथं राहिलंय, तिथं राहिलंय.

निळ्याखाली हिरवा निघाला, हिरव्याखाली चॉकलेटी. प्रत्येक हेडमास्तरांनी आपापला रंग चढवला असावा. सगळ्यांच्या खाली, चौथ्या संध्याकाळी, तांबूस, दाट रेषांचं लाकूड उघडं पडलं. हस्तकलाबाईंनी ओल्या फडक्याने ते पुसलं.

पायाच्या सांध्यातला जुना सरस खरवडून काढला, नवा भरला, आणि सायकलच्या जुन्या ट्यूबने पाय असा आवळून बांधला की दोन दिवस खुर्ची हाड मोडलेल्या माणसासारखी कोपऱ्यात पडून होती. वेताच्या नव्या जुडीची किंमत ऐकून हस्तकलाबाई दुकानातून परतणार होत्या, पण दुकानदाराकडे जुड्यांची उरलेली तोकडी टोकं पडली होती, ती त्याने स्वस्तात दिली. तोकडी म्हणजे जोड जास्त, म्हणजे काम दुप्पट.

"भिजू दे अजून," सासूबाई बजावायच्या. "कोरडी पट्टी वळवलीस की तडकली. आधी उभे धागे, मग आडवे, मग तिरपे. तिरपे घालताना रडशील."

त्या रडल्या नाहीत, पण बोटांना चिरा पडल्या. खडू धरला की झोंबायचं. शेवटी लाखेचं पॉलिश, कापडाच्या बोळ्याने, पातळ पातळ हात देत. तीन आठवडे लागले. शेवटच्या दिवशी सासूबाई स्वतः खुर्चीत बसल्या, विणीवरून तळवा फिरवला आणि म्हणाल्या, "डाव्या कोपऱ्यात ताण कमी पडलाय. बाकी बरी आहे." त्यांच्या तोंडून 'बरी' म्हणजे दुसऱ्याच्या तोंडून बक्षीस.

सोमवारी खुर्ची शाळेत आली. शिक्षकांची खोली उठून बघायला जमली. इतिहासाच्या बाईंनी खुर्चीच्या हातांवरून बोटं फिरवली. गणिताचे सर म्हणाले, "अरे वा, राखीव खेळाडू एकदम सिंहासनावर!" हस्तकलाबाई बसल्या. पाठ टेकली. तीन वर्षांत पहिल्यांदा त्या खोलीत त्यांची पाठ कशाला तरी टेकली.

हे सुख गुरुवारपर्यंत टिकलं. गुरुवारी दुसऱ्या तासानंतर त्या खोलीत आल्या तर खुर्ची जागेवर नाही. खुर्ची होती मोठ्या बाईंच्या केबिनमध्ये, टेबलासमोर, पाहुण्यांसाठी मांडलेली.

"अहो, किती सुंदर केलीत!" मोठ्या बाई म्हणाल्या. "अशी वस्तू तुमच्या त्या कोंदट खोलीत शोभते का? इथे चार पालक येतात, अधिकारी येतात. शाळेचीच वस्तू, शाळेच्या दर्शनी जागी. तुम्ही दुसरी करा ना. तुम्हाला हौस आहेच."

हस्तकलाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तोंडातून निघालं एवढंच, "बरं."

घरी येऊन त्यांनी हे सांगितलं तेव्हा सासूबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी सुरी खाली ठेवली. "आयत्या बिळावर नागोबा! आणि तू काय म्हणालीस?"

"बरं म्हणाले."

"बरं?" सासूबाईंनी तो शब्द कडू बी थुंकावी तसा थुंकला. "खुर्ची नेली ती नेली, तुझी जीभही नेली वाटतं त्यांनी?"

"आई, नेमणूक त्यांच्या सहीने होते."

सासूबाई परत भाजी निवडायला लागल्या, पण अशा की निम्मी भाजी देठांबरोबर गेली.

दुसरी खुर्ची साधी होती, बिनहातांची. वेताला पैसे उरले नव्हते म्हणून तिला प्लॅस्टिकच्या दोरीची वीण घातली, पांढरी आणि विटकरी, चौकटीची. दहा दिवसांत झाली. ती आणली त्याच दिवशी हस्तकलाबाईंचा तास संपायच्या आत गणिताचे सर तिच्यावर बसलेले.

"सर, ही माझी."

"बसू द्या हो. कंबर धरलीय माझी. माझ्या खुर्चीत स्प्रिंग टोचायची, ती दिली आजच जिन्याखाली टाकून. तुमचं काय, तरुण वय! आणि तुम्हाला हे चुटकीसरशी जमतं. तिसरी करा."

बाकीचे दहा जण वह्यांत डोकं घालून बसले होते. एकानेही मान वर केली नाही. हस्तकलाबाई पेटीवर जाऊन बसल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, त्यांना वाटलं. हाताला काही येत नसतं तर कुणी काही नेलं नसतं.

त्यांना खुर्च्या गेल्याचं जेवढं लागलं त्याहून तो शब्द लागला. हौस. तीन आठवडे रोज शाळा सुटल्यावर, स्वयंपाकाआधी आणि स्वयंपाकानंतर, चिरलेल्या बोटांनी जे केलं त्याला हौस म्हणायचं म्हणजे त्याचं काही देणं लागत नाही. आभारसुद्धा नाहीत. हौस ज्याची त्याची असते.

पंधरा दिवसांनी संस्थेचे अध्यक्ष शाळेत आले. चौथ्या तासाला शिपाईमामा वर्गाच्या दाराशी उभे. "बाई, केबिनमध्ये बोलावलंय." आणि हळूच, "तुमच्याच खुर्चीवर बसलेत."

खरंच बसले होते. अध्यक्ष धिप्पाड माणूस, खुर्चीत आरामात रेललेले, दोन्ही तळवे खुर्चीच्या हातांवर. मोठ्या बाई पलीकडे हसऱ्या चेहऱ्याने. तिसरी एक खुर्ची होती, तिच्यावर अध्यक्षांची बॅग. हस्तकलाबाई उभ्या राहिल्या. बसा म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

"ह्या आमच्या हस्तकलेच्या बाई," मोठ्या बाई म्हणाल्या. "साहेबांना खुर्ची फार आवडली. मी सांगितलं, आमच्या स्टाफने श्रमदानातून केलीय. एक पैसा शाळेचा गेला नाही!"

"उत्तम!" अध्यक्ष म्हणाले. "हेच पाहिजे. सगळे नुसते पैसे मागत येतात. सभागृहासाठी वीस खुर्च्या हव्यात असं बाई म्हणतात. आणि जिन्याखाली म्हणे ढीग आहे."

"तेच तर," मोठ्या बाई वळल्या. "सुट्टीत तुम्हाला दोन महिने मोकळेच असतात. वीस खुर्च्या सहज होतील. सामानाला थोडंफार बघू कुठून तरी. तुमच्या हौसेलाही वाव मिळेल. आणि पुढच्या नेमणुकीच्या वेळी हे सगळं ध्यानात घेता येईल, नाही का साहेब?"

साहेबांनी मान डोलावली आणि खुर्चीच्या हातावर बोटांनी ठेका धरला.

हस्तकलाबाईंना पुढे कधी नीट सांगता आलं नाही की नेमकं काय झालं. एवढंच आठवायचं की अध्यक्षांच्या अंगठीचा टकटक आवाज पॉलिशवर होत होता, आणि त्यांच्या मनात आलं, ओरखडा पडेल.

"हौस नाही, साहेब," त्या म्हणाल्या. आवाज स्वतःलाच अनोळखी वाटला. "मला बसायला खुर्ची नव्हती."

"म्हणजे?"

"म्हणजे शिक्षक बारा आणि खुर्च्या अकरा. मी तीन वर्षं चेंडूंच्या पेटीवर बसते. तीनदा अर्ज दिला. मग ही खुर्ची जिन्याखालून काढली, घरी नेली, माझ्या सासूबाईंनी शिकवलं तसं विणली. शाळेला शोभा यावी म्हणून नाही केली. बसायला केली. ती इथे आली. दुसरी केली, तीही गेली. मी अजून पेटीवरच आहे."

"बाई!" मोठ्या बाईंचा चेहरा लाल झाला. "ही काय वेळ आहे का? शाळेची मालमत्ता आहे ती."

"लाकूड शाळेचं आहे. चुलीत घालायच्या लायकीचं नाही, असं तुम्हीच म्हणाला होतात." आणि मग त्या अध्यक्षांकडे वळल्या. "साहेब, जरा उठता का?"

अध्यक्षांना आयुष्यात कुणी असं म्हटलं नसावं. ते इतके गोंधळले की उठले. उठले आणि टेबलाला धरून उभे राहिले. हस्तकलाबाईंनी खुर्ची दोन्ही हातांनी उचलली, दारात थोडी तिरपी केली, आणि बाहेर काढली. कॉरिडॉरमध्ये सहावीच्या मुलींची रांग पाण्याच्या नळाशी उभी होती. ती आपोआप भिंतीला चिकटली. बाई खुर्ची घेऊन मधून गेल्या.

शिक्षकांच्या खोलीत बातमी त्यांच्या आधी पोचली होती. त्यांनी खुर्ची खिडकीशी ठेवली आणि बसल्या. गणिताचे सर आपल्या बुडाखालच्या पांढऱ्या-विटकरी चौकटींकडे एकदा बघून ताडकन उठले. "घ्या हो तुमची. मी काय, सहज आपलं…"

"कंबर दुखते ना तुमची? बसा," हस्तकलाबाई म्हणाल्या. "पण विचारून बसा."

सरांनी इकडेतिकडे पाहिलं. सगळे बघत होते. या वेळी सगळ्यांच्या माना वर होत्या. "बसू का, बाई?"

"बसा."

इतिहासाच्या बाईंना खोकला आला, आणि तो बराच वेळ थांबला नाही.

शाळा सुटताना मोठ्या बाईंचा लेखी खुलासा मागवणारा कागद आला. त्याबरोबर शिपाईमामांना हुकूम: खुर्ची ताबडतोब केबिनमध्ये आणा. मामा आले, खुर्चीकडे पाहिलं, हस्तकलाबाईंकडे पाहिलं, आणि परत केबिनमध्ये गेले. त्यांचं बोलणं भिंतीपलीकडे स्पष्ट ऐकू आलं.

"बाई, नाही उचलवत. कंबर धरलीय."

"काल तर तुम्ही कपाट हलवलंत!"

"त्यानेच धरली असेल."

आता शाळेत सामान हलवणारा माणूस एकच. शिक्षकांनी खुर्च्या उचलायची पद्धत नव्हती, आणि मोठ्या बाईंनी स्वतः उचलून न्यायची म्हणजे हसंच व्हायचं. दुसऱ्या दिवशीही मामांची कंबर धरलेली होती. आठवडाभर धरलेली होती. वर्ष संपेपर्यंत ती फक्त त्या एका खुर्चीपुरती धरलेली राहिली. फळे, बाकं, कपाटं मामा बिनतक्रार हलवत होते.

खुलाशाच्या कागदावर हस्तकलाबाईंनी केबिनमध्ये बोललेली वाक्यं जशीच्या तशी लिहून दिली. त्याचं उत्तर आलं नाही. पण मोठ्या बाईंनी त्यांच्याशी बोलणं टाकलं ते टाकलंच. वाटेत समोरासमोर आल्या तरी नजर भिंतीवरच्या सूचनाफलकाकडे. हस्तकलाबाई रोज खुर्चीत बसत होत्या, पाठ टेकत होत्या, आणि रोज घरी जाताना मनाशी म्हणत होत्या, नोकरी गेली आपली. नवऱ्याने विचारलं, "माफी मागून टाकलीस तर?" त्या काही बोलायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "कशाबद्दल? बसल्याबद्दल?" तो विषय तिथेच संपला.

सुट्टी लागली. एक महिना गेला. दुसराही सरत आला. हस्तकलेच्या जागेसाठी शाळेने जाहिरात दिली होती, हे मामांकडून कळलं. दोन उमेदवार आले, पगार ऐकला, आणि पाणी पिऊन गेले. शाळा उघडायला चार दिवस उरले तेव्हा हस्तकलाबाईंना बोलावणं आलं.

मोठ्या बाईंनी न बोलता कागद पुढे सरकवला. नेमणूकपत्र. तेच, दर वर्षीचं. हस्तकलाबाईंनी ते सावकाश वाचलं. सहा कलमं पाठ होती. यंदा सातवं होतं: 'शाळेच्या फर्निचरची देखभाल व दुरुस्ती, विनामोबदला.'

त्यांनी पिशवीतून पेन काढलं, सातव्या कलमावर सरळ रेघ मारली आणि बाजूला छोटी सही केली. मग खाली मोठी.

"खाडाखोड केलेला कागद चालत नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. चार महिन्यांतलं त्यांचं पहिलं वाक्य.

"मग दुसरा टाइप करा. सहा कलमांचा."

"तुम्हाला परिस्थितीची कल्पना आहे का?"

"आहे. दोघी येऊन गेल्या म्हणे."

पंखा फिरत होता. मोठ्या बाईंनी कागदाकडे पाहिलं, कॅलेंडरकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे पाहिलं. मग खण उघडला, शिक्का काढला, पॅडवर आपटला आणि इतक्या जोरात कागदावर मारला की टेबल एका बाजूला कललं आणि पेल्यातलं पाणी सांडलं.

हस्तकलाबाईंनी आपली प्रत घडी करून पिशवीत ठेवली. खाली एक नजर टाकली. पुढच्या उजव्या पायाची खीळ निसटली होती. सरस आणि पाचर, अर्ध्या तासाचं काम.

"टेबलाचा पाय सुटलाय," त्या दाराशी जाऊन म्हणाल्या. "सुताराला बोलवा."